भुशीचं पाणी कुठं जातं?

दोस्तांनो, पावसाळा आला की लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावर केवढी झुंबड उडते! पायऱ्यांवरून फेसाळत येणाऱ्या पाण्यात बसायचं आणि वर गरमागरम कणीस खायचं. पण हे धरण मुळात कुणासाठी बांधलं, ठाऊक आहे? आगगाडीच्या इंजिनांसाठी! १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढून दमलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं, म्हणून रेल्वेने इंद्रायणीवर हा बांध घातला.

भुशी आहे मावळ तालुक्यात. मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, पुण्याची पश्चिम. इथे सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण लागतं. समुद्राकडून आलेले ढग या कड्याला अडतात, म्हणून लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात मात्र त्याच्या पाव हिस्साही नाही!

आता गंमत बघा. कड्याच्या अलीकडे पडलेला थेंब इंद्रायणीतून देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळतो, पुढे कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला थेंब मात्र जवळच्याच अरबी समुद्रात! माणसाने यातही बदल केला. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी टाटांनी नळांतून खाली खोपोलीला सोडलं. १९१५ साली तिथे वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पूर्वेला जाणारं पाणी असं पश्चिमेला वळलं.

घाटाची वाट तर त्याहून कितीतरी जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांतून व्यापारी इथून वर चढत. कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी याच वाटेजवळ आहेत. वाटेवर नजर ठेवायला लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले उभे राहिले. १७७९च्या जानेवारीत इंग्रज फौज हाच घाट चढून पुण्यावर निघाली. मराठ्यांनी तळेगाव रिकामं करून जाळलं. इंग्रजांना दाणागोटा मिळेना. माघार घेताना वडगावात ते पुरते कोंडले गेले आणि त्यांना तह करावा लागला.

मावळातला शेतकरी याच पाण्यावर भात पिकवतो. वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या सुवासिक तांदळाचं नावही ‘इंद्रायणी’च!

पण हे पाणी जितकं देतं, तितकंच ते धोक्याचंही आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला, की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. आपण उभे असतो तिथे कदाचित थेंबही पडत नसतो! म्हणून पाणी गढूळ झालं किंवा वाढू लागलं, की क्षणभरही न थांबता बाहेर यायचं. आईबाबांनाही हे सांगाल ना?

आणि घरी नकाशा असेल तर भुशीपासून इंद्रायणीवर बोट ठेवा आणि थेट समुद्रापर्यंत फिरवा. वाटेत किती गावं लागतात, मोजा बरं!