ताई, नकार लिहून मागा

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे घालत नाही, कारण हे पत्र तुमच्यासारख्या सगळ्यांना आहे. कुणाच्या मुलाला ऑटिझम आहे, कुणाच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, कुणाचा मुलगा सातवीत आला तरी जोडाक्षर दिसलं की थांबतो. वडिलांनाही हे पत्र आहेच. पण शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर रिपोर्टांची फाईल मांडीवर घेऊन बसलेली मला बहुतेक वेळा आईच दिसते, म्हणून ताई म्हणते आहे.

मी तालुक्यातली फिरती विशेष शिक्षिका. त्या बाकावर तुमच्याशेजारी बसलेली आहे आणि आत काय बोललं जातं तेही ऐकलेलं आहे. मुख्याध्यापक वाईट नसतात. चहा सांगतात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, ''आमची काही हरकत नाही हो, पण आमच्याकडे सोय नाही.'' किंवा, ''बाकीच्या पालकांचे फोन येतात.'' किंवा, ''स्पेशल शाळेत टाका, त्याच्याच भल्याचं सांगतो.'' दाखल करून घेतलंच, तर मग निरोप सुरू होतात. मधल्या सुट्टीपर्यंतच बसू दे. सहलीला नका पाठवू. तपासणीला साहेब येणार आहेत, दोन दिवस घरी ठेवा. खासगी शाळा असेल तर, सोबत बसायला बाई तुमच्या खर्चाने आणा.

यातलं एकही वाक्य कागदावर नसतं. तुमच्या फाईलमध्ये डॉक्टरांचे, मानसशास्त्रज्ञांचे, स्पीच थेरपिस्टचे कागद आहेत, शाळेचा एकही नाही. मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याचं सगळं काम तोंडी चालतं, कारण लिहून दिलं तर लिहिणारा अडकतो.

तो अडकतो ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता त्यात आता स्पष्ट नावानिशी आली आहेत. कलम १६ सांगतं की सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत त्याला वापरता येईल अशी करायची आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या. म्हणजे 'सोय नाही' हे नकाराचं कारण होऊच शकत नाही. सोय करणं हेच शाळेचं काम आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. पसंती मुलाची आहे हे नीट लक्षात ठेवा. विशेष शाळांबद्दल मला आदर आहे, काही मुलं तिथेच फुलतात. पण कुठे जायचं हे तुम्ही ठरवायचं, मुख्याध्यापकांनी नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे. जे हवं ते लिहून मागा, आणि नकार मिळाला तर तोही लिहून मागा.

अर्जाला वकिली भाषा लागत नाही. फुलस्केप कागदावर तारीख, मुलाचं नाव, इयत्ता, दाखल्यावरचं दिव्यांगत्व, आणि नेमकं काय हवं ते. 'माझ्या मुलाकडे लक्ष द्यावे' असं लिहू नका, त्यावर कुणाला काहीच करता येत नाही. 'फळ्यावरचे उतरवून घेण्यास वेळ द्यावा', 'प्रश्न वाचून दाखवावेत', 'गोंगाट असह्य झाल्यास दहा मिनिटे बाहेर बसू द्यावे' असं लिहा. दोन प्रती करा. एक शाळेच्या लिपिकाकडे द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तो घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

कॅलिपर लावणाऱ्या एका मुलीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. आई रोज तिला उचलून वर न्यायची आणि मधल्या सुट्टीत बाथरूमसाठी पुन्हा यायची. वर्ग खाली आणा म्हणून ती वर्षभर सांगत होती. मग तिने अर्ज दिला. ''हे जमणार नाही,'' म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, ''सर, एवढंच खाली लिहून सही करा.'' सरांनी पेन उघडलं, अर्ज परत वाचला आणि वर्गशिक्षकांना बोलावून घेतलं. पुढच्या आठवड्यात सहावीचा वर्ग तळमजल्यावर आला. सगळीकडे इतकं झटपट होत नाही. एका मुलाच्या अर्जाला शाळेने कित्येक महिने उत्तरच दिलं नाही, त्याची आई गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली तेव्हा कुठे हालचाल झाली. पण जाताना तिच्या हातात तारखेचा शिक्का होता, म्हणून 'आमच्याकडे कुणी आलंच नाही' असं शाळेला म्हणता आलं नाही. तिथेही नाही झालं तर दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. या कायद्याखालच्या तक्रारीत साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या आयांना एक वेगळं सांगायचं आहे, कारण तिथे वेळ निघून जाते. मूल चुणचुणीत असतं, तोंडी सगळं सांगतं, म्हणून 'आळशी आहे' या शेऱ्यावर वर्षं जातात. बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण प्रमाणपत्र लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत जावा लागतो. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ सुरू केली तर तपासणीची तारीखच मिळत नाही. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं आणि चौदाव्या वर्षी फेरतपासणी होते. ती आठवी-नववीच्या सुमारासच येते. ती चुकवू नका.

हे सगळं करताना तुम्हाला 'भांडखोर' म्हणतील. स्टाफरूममध्ये तुमचं नाव निघालं की सुस्कारे निघतात, मी ऐकते. सासरी वेगळंच, 'आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.' नोकरी सोडलीत ती तुम्हीच. त्यात शाळेशी वाकडं घेतलं तर राग मुलावर निघेल ही भीती, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच एकटीने जाऊ नका. शाळेत अशी आणखी मुलं असतातच. त्यांच्या आयांना शोधा आणि दोघी-तिघींनी सह्या करून अर्ज द्या.

आपल्याकडे या मुलांसाठी जे उभं राहिलं त्यातलं पुष्कळसं अशा पालकांनीच उभं केलं. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ साली एका मुलीच्या आईवडिलांनी सुरू केली, शाळेला नाव त्या मुलीचंच आहे. मिठू आलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. तिच्याजोगी शाळा नव्हती म्हणून १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी उभी राहिली. मालिनी छिब यांनी पुढे परदेशात दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. प्रत्येक आईने शाळा काढावी असं मी म्हणत नाही. तुमच्या गावात शाळा आहे. तिने दार उघडावं, एवढंच मागायचं आहे.

वर्गशिक्षकांवर राग धरू नका. भरलेल्या वर्गात एकट्या माणसाला हे पेलत नाही, हे मी रोज पाहते. सामान्य शाळांत विशेष शिक्षक हवेतच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. राज्याने २०२४ मध्ये ४,८६० पदं मंजूर केली, शाळांच्या प्रत्येक केंद्राला (म्हणजे शाळासमूहाला) एक याप्रमाणे. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात, तेव्हा एक माणूस एका मुलापर्यंत आठवड्यात किती वेळा पोचेल याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून अर्जात शेवटी हेही लिहा, 'विशेष शिक्षकाची भेट किती दिवसांनी होते, ते कळवावे.' या प्रश्नाचं उत्तर मलाही द्यावं लागेल, आणि ते तुम्ही मागावं असं मला मनापासून वाटतं.

मूल शाळेत येऊच शकत नसेल, अंथरुणाला खिळून असेल, तरी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. त्यासाठीही अर्जच करायचा असतो.

बुधवारी दुपारी मी पंचायत समितीच्या आवारात, गट साधन केंद्रात असते. अर्ज लिहिताना अडलं तर या. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आजवर शाळेत तुम्हाला कोण, कधी, काय म्हणालं ते आठवेल तसं तारखांसकट एका वहीत लिहून आणा.

तुमची,
एक विशेष शिक्षिका