लेव्हल द्यावी कुणाला, कधी?

घरचे नियम नसलेला डंजन मास्टर मला अजून भेटायचाय. टेबलाखाली पडलेला फासा कुणी ग्राह्य धरतो, कुणी पुन्हा टाकायला लावतो. असल्या नियमांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण पात्राच्या बढतीला, म्हणजे एक्सपी आणि लेव्हलच्या हिशेबाला हात घालताना जपावं लागतं. ज्याचे गुण मिळतात तेच खेळाडू करणार, हे गृहीत धरूनच.

नवख्यांसाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. गोष्ट मास्टर पुढे नेतो, अडलेल्या जागी निकाल फासे देतात. एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, साठले की पात्राची लेव्हल वाढते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला, तेव्हापासून भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या दर नाण्यामागे एक एक्सपी मिळे. १९८१च्या बेसिक संचात गॉब्लिन मारल्याचे अवघे ५ एक्सपी होते आणि योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० लागत. त्यामुळे शहाणी मंडळी झोपलेल्या राक्षसाला वळसा घालून पेटी उचलत आणि पसार होत. पुढे १९८९च्या आवृत्तीत सोन्याचा नियम ऐच्छिक झाला, मारामारीचं वजन वाढत गेलं, आणि खेळाडू तलवार उपसूनच दार उघडू लागले.

१९७८च्या रूनक्वेस्ट या खेळात लेव्हलच नाहीत. यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण करायची, नंतर शंभरचा फासा टाकायचा आणि आकडा त्या कौशल्याच्या वर पडला तरच ते वाढणार. तरबेज माणसाला पुढे शिकणं अवघड! इतका देखणा हिशेब मी दुसऱ्या खेळात पाहिलेला नाही. तरीही लोकांनी त्यात पळवाट काढलीच. भाल्यापुढे खूण झाली की भाला खाली, कुऱ्हाड हातात. तिची झाली की गदा.

आता आपल्याकडे बहुतेक टेबलांवर चालणारी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती घेऊ. ‘शेवटचा घाव ज्याचा, एक्सपी त्याचे’ हा घरचा नियम व्हिडिओ गेमवरून आलेल्या मुलांना फार आवडतो. चार गॉब्लिन, प्रत्येकी ५० एक्सपी, एकूण २००. चौघांत वाटले तर प्रत्येकाला ५०, आणि दुसऱ्या लेव्हलला लागतात ३००, म्हणजे अशा सहा चकमकी. घावाच्या नियमाने दर चकमकीत दोन गॉब्लिन लोळवणारा योद्धा तिसऱ्याच चकमकीअखेर वर जातो. जखमा बऱ्या करणाऱ्या क्लेरिकच्या खात्यात मात्र शून्य. मग तोही मंत्र सोडून गदा उचलतो, आणि टोळीत मलमपट्टी करणारा कुणी उरत नाही.

उलट एक नियम बिचारा उगाच बदनाम आहे. लेव्हल वाढताना हिट पॉइंटसाठी, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्यासाठी, टाकलेल्या फाशावर १ पडला तर पुन्हा टाकायचा. कडक मास्टर याला लाड म्हणतात. हिशेब करून पाहा: योद्ध्याच्या दहाच्या फाशाची सरासरी साडेपाच, पण फासा न टाकता पुस्तकातला ठरलेला आकडा घेतला तर मिळतात ६. म्हणजे फासा टाकायची हौस असणारा दर लेव्हलला सरासरी अर्धा गुण गमावतो. १ बाद केला की उरतात २ ते १०, सरासरी बरोबर ६. सहाच्या फाशाला ४, आठच्याला ५, बाराच्याला ७. सगळीकडे पुस्तकाचाच आकडा येतो. हा नियम बिनधास्त लावा.

मधेच येणाऱ्या खेळाडूचं काय? त्याला पहिल्या लेव्हलपासूनच चढू द्या, असं जुने खेळाडू म्हणतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. टोळी पाचव्या लेव्हलला ६,५०० वर असली तर सहाव्यासाठी १४,००० हवेत. तेवढ्यात नव्याच्या गाठीला ७,५०० जमतात आणि तोही पाचवीत येतो. फक्त तोवर जगला पाहिजे! पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचा फायरबॉल म्हणजे सहाचे आठ फासे, सरासरी २८. चुकवता आला नाही तर १२ हिट पॉइंटवाला नवा गडी जागीच खलास. त्याला वाचवण्याचे फासेही टाकायला मिळत नाहीत. म्हणून माझ्या टेबलावर नवा माणूस टोळीच्याच लेव्हलला बसतो. कामाच्या धावपळीत सेशन चुकलेल्यालाही तोच न्याय. दांडीचा दंड म्हणून एक्सपी कापले की तो पुढच्या खेपेला दुबळं पात्र घेऊन बसतो आणि त्याच्या पुढच्या खेपेला येतच नाही.

उत्तम अभिनयाचं, भन्नाट कल्पनेचं कौतुक करायचंच. पण ते एक्सपीने केलं की बोलघेवडा पुढे सरकत राहतो आणि बुजरा मागे पडतो तो कायमचा. त्यासाठी इन्स्पिरेशन आहे: एकदा वापरायचं, वीसचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, संपलं.

नवी मोहीम मांडणार असाल तर बढतीचे घरचे नियम पहिल्याच बैठकीत कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवा. मधेच बदल करावा लागला तर सगळ्यांना विचारून, पुढच्या सेशनपासून करा. कमावलेली लेव्हल मात्र कुणाचीही काढून घेऊ नका.