एकसष्ट आणि एकोणसाठ

परवा धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "अण्णा, तुमचा तो जुना कॉम्प्युटर अजून चालतो?" चालतो तर! पण त्यामागे २०२५ च्या मे महिन्यात आमच्या घरी झालेली एक परीक्षा आहे. निकाल तेव्हाच वहीत लिहून ठेवला होता, तो आज इथे उतरवतो.

संगणक २०१७ सालचा. सकाळी त्यावर मी हे लेख टंकतो, रात्री नातू गेम खेळतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे जाहीर झालेलं होतं, आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. चिरंजीव म्हणाले, सरळ नवीन घेऊ. नातू म्हणाला, लिनक्स टाकू. त्याचा जीव आतल्या ग्राफिक्स कार्डात अडकलेला होता. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ५८०, आठ जीबीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं 'खाणकाम' संपलं तेव्हा असली वापरलेली कार्डं बाजारात आली. त्याने वाढदिवसाचे पैसे साठवून एक घेतलं होतं. नवीन यंत्राचे पैसे माझ्या पेन्शनमधून जायचे होते, त्यामुळे परीक्षक म्हणून मी बसलो.

तर हे कार्ड त्याने ओव्हरक्लॉक केलेलं. म्हणजे मूळ वेग १३४० मेगाहर्ट्झ, तो याने १४३० वर नेला. विंडोजमध्ये हे काम माउसने होतं. लिनक्समध्ये यंत्र सुरू होतानाच कर्नेलला तशी परवानगी द्यावी लागते, मग पुढचं. परीक्षेला गेम निवडला 'शॅडो ऑफ द टूम रेडर', कारण त्यात मोजमापाची सोय आतच आहे: तोच प्रसंग दर वेळी तसाच पळतो आणि शेवटी सेकंदाला किती चित्रं निघाली ते सांगतो. या गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्तीही आहे, पण नातवाने दोन्हीकडे विंडोजचीच घेतली. हे मला आवडलं. प्रश्नपत्रिका एकच हवी.

पहिला निकाल विंडोज ६२, लिनक्स ५५. पोराचा चेहरा पडला.

मी विचारलं, "दोघांना कधी कधी बसवलंस?" विंडोजला सकाळी सातला, लिनक्सला दुपारी तीनला. सोलापूरचा मे महिना, खोलीला एसी नाही! तापलेलं कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतं. बोर्डाचे पेपर तपासताना आम्हाला हेच जपावं लागे: गठ्ठ्यातला पहिला पेपर आणि रात्री अकराचा शेवटचा पेपर यांना एकच हात लागत नाही. म्हणून ठरवलं, पहाटे एक फेरी विंडोजची, एक लिनक्सची, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, आणि खोलीचं तापमान वहीत.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली. विंडोजमध्ये १४३० वर निमूट चालणारं कार्ड लिनक्समध्ये वीस मिनिटांनी पडद्यावर रंगीत ठिपके दाखवू लागलं. आकडा तोच लिहिला तरी व्होल्टेज आणि पंखा प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या रीतीने सांभाळतो. दोन्हीकडे १४०० केलं, सगळ्या फेऱ्या पुन्हा घेतल्या. सरासरी निघाली ६१ आणि ५९.

या ५९ चं मला जास्त कौतुक. विंडोजचा गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, लिनक्सला ती कळत नाही. मध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषी बसतो आणि चालू खेळात प्रत्येक वाक्य व्हल्कनच्या भाषेत सांगतो. व्हॉल्व्ह कंपनीने तो ऑगस्ट २०१८ मध्ये आणला. त्याचा पाया असलेला वाइन हा प्रकल्प तर १९९३ पासून चालू आहे. मी आयुष्यभर मुलांकडून उताऱ्यांची भाषांतरं करून घेतली, एकसष्टातले एकोणसाठ टिकवणारा क्वचितच भेटला.

मात्र सरासरीवर माझा विश्वास नाही. वर्गाची सरासरी साठ असते तेव्हाही मागच्या बाकावर तीन पोरं नापास असतात. साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद, एखादं शंभर घेऊन बसलं की डोळ्याला झटका कळतो. लिनक्सवर पहिल्या फेरीत असे झटके दिसले, कारण कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम तेव्हा तयार होत होते. दुसऱ्या फेरीपासून जवळजवळ गेले.

एवढं झाल्यावर नातू हळूच म्हणाला, "आजोबा, पण व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही." त्यातली फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच मागते. शाळेतले चार मित्र, ज्यातले दोघे आता दुसऱ्या गावी, रोज रात्री त्याच खेळात भेटायचे. हा विषय आमच्या वहीत नव्हताच. मी म्हटलं, हवं तर नवीन घेऊ, पैशांचं बघता येईल. त्याने दोन दिवस घेतले. मग लिनक्स टाकलं, आणि मित्रांना दुसरा एक खेळ घ्यायला लावला. चारातले तिघे आले. चौथ्याशी आता फोनवर बोलतो, पूर्वीपेक्षा कमी.

माझा इनस्क्रिप्ट कळफलक तिकडेही मिळाला, ळ आणि ऱ्य सकट. ओव्हरक्लॉक मात्र त्याने काढून टाकलं. दोन फ्रेमसाठी पंखा इतका ओरडायचा की मला शेजारच्या खोलीत बातम्या ऐकू यायच्या नाहीत.