पाच वाजताची भूक

माहूरला रेणुकामातेला पुरणपोळीचा नैवेद्य असतो. एरवी वरणाच्या वाटीकडे न बघणारी पोरं नैवेद्याच्या दिवशी पोळीवर पोळी हाणतात. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळच की! म्हणून "याला डाळच आवडत नाही" असं कुणी आई सांगते, तेव्हा मला ते पटत नाही.

आहारतज्ज्ञ म्हणून मी या भागातल्या घरांशी बोलते. तक्रार ठरलेली असते. "मॅडम, भाकरीला हातच लावीना बघा. ताटावर बसतंय अन् उठून जातंय." मी ताटाचं विचारतच नाही. शाळा-ट्यूशन करून पोरगं पाच वाजता घरी येतं तेव्हा हाताशी काय असतं, एवढंच विचारते. बहुतेक घरांत आई-वडील तेव्हा शेतात नाहीतर दुकानात असतात, आणि पोराच्या खिशात दहा रुपये. माहूरगडाच्या वाटेवर चिप्सच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्याच आहेत. वाढीच्या वयातली ती कडकडीत भूक पुड्यांवर भागते आणि रात्री नऊला ताट पुढं आलं की ‘नखरे’ सुरू होतात. नखरे कसले, पोट भरलेलं असतं.

म्हणून रात्रीचं भांडण सोडा आणि पाच वाजता काय मिळेल ते बघा. पुड्यात पोरांना काय आवडतं? खारट, आंबट, तिखट आणि कुरकुरीत. हे सगळं मराठवाड्याच्या स्वयंपाकात आधीपासून आहे. मुरमुऱ्यांची सुशीला, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, भाजलेले शेंगदाणे, घुगऱ्या. आणि धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक. लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, तीळ, ओवा, मूठभर मेथी. पीठ ताकात भिजवायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं आणि कडा कडक होईपर्यंत तव्यावर ठेवायचं. सकाळी केलेला धपाटा संध्याकाळीही चांगला लागतो. गार भाकरीचं तसं नाही. ती कोरडी पडते, आणि पोरानं ती बाजूला सारली तर मी त्याला दोष देणार नाही.

मुलींच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. 16 ते 18 वर्षांच्या मुलीसाठी दिवसाला 32 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, आणि शंभर ग्रॅम ज्वारीत ते असतं साधारण 4 मिलिग्रॅम. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत जास्त लोह-जस्ताचा ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण 2018 मध्ये आणला. बियाणं मिळालं तर जरूर पेरा. पण नुसत्या भाकरीवर भागणार नाही. पालेभाजी, कडधान्य, तीळ आणि घरात चालत असेल तर मटण-अंडीही हवीत. वर लिंबू पिळा, त्यानं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा मात्र बंद. तो तेच लोह अडवतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात तशीच ठेवतात, तेही विचारत जा.

अंबाडीची भाजी पोरं फारच आंबट म्हणून टाकतात. ती उकडून घट्ट पिळा, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवा, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची चरचरीत फोडणी घाला. ती फोडणी पोरालाच घालू द्या. चौदा-पंधराच्या वयात सांगितलेलं खायचं नसतं, स्वतः केलेलं मात्र खाल्लं जातं. काय शिजवायचं ते आईनं ठरवावं, किती खायचं ते पोरानं. "एवढं तरी संपव" हे वाक्य घरातून गेलं की ताटावरची निम्मी कटकट जाते, हे मी घराघरांत पाहिलंय.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. वजन झपाट्यानं उतरत असेल, पाळी थांबली असेल, जेवणाची भीतीच बसली असेल, तर घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

दहावी झाली की इथली कितीतरी मुलं अकरावी-बारावीला लातूर-नांदेडला जातात, मेसचा डबा खातात. त्याआधीची उन्हाळ्याची सुट्टी हातात असते. तेवढ्यात त्यांना सुशीला, पिठलं आणि जवसाची चटणी करायला शिकवा. मुलींना शिकवाल तसंच मुलांनाही.