परीक्षक काकू

डिसेंबरात आमच्या वर्ध्याकडे कापसाचे वेचे चालू असतात, तुरीच्या शेंगा भरत येतात आणि शाळांच्या मैदानांवर सुतळीचे तुकडे पडलेले दिसू लागतात. कुठे वीतभर, कुठे हातभर. स्काऊट-गाईडचं शिबिर जवळ आलं याची ती खूण. मग बांबू येतात, चुन्याच्या रेघा आखल्या जातात आणि गळ्यात स्कार्फ बांधलेली मुलं दोऱ्या घेऊन उन्हात बसतात. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन. नावं परदेशी, पण दोरीला कुठला आलाय देश! देवळीकडच्या खेड्यातला एक पोरगा क्लोव्ह हिच पहिल्याच दमात बांधून मोकळा झाला आणि म्हणाला, "हे त आमचा आबाजी खुट्याले बांधते." सर हसले. त्याच्या नावापुढे त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. मला ती खूण फार आवडली. आबाजींच्या विद्येची शाळेनं घेतलेली ती बहुधा पहिली नोंद असावी.

माझं या मंडळींशी नातं उशिरा जडलं, आणि तेही चुलीमुळे. जवळच्या शाळेतले स्काऊटचे सर एका संध्याकाळी घरी आले. "काकू, पाककलेच्या पदकासाठी परीक्षक पाहिजे. याल का?" मी म्हटलं, अहो, मला कसली परीक्षा घेता येते? तेव्हा त्यांनी समजावलं. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही चढण आहे. एक पायरी चढली की पुढच्या पायरीसाठी काही महिने काम करत थांबावंच लागतं, घाई चालत नाही. या चढणीवर जागोजागी प्रावीण्य पदकं मिळवायची असतात. शिकवायला पथकाचे सर असतात. पण पदकाची चाचणी बाहेरच्या, त्या कामातल्या जाणत्या माणसानं घ्यायची अशी रीत आहे. प्रथमोपचाराला दवाखान्यातली सिस्टर, सायकलीला दुकानातला मिस्त्री, बागकामाला रोपवाटिकेतला माळी. आणि चुलीला मी.

शिबिरातला स्वयंपाक बिनभांड्याचा. हे ऐकून शहरातल्या पाहुण्यांचे डोळे विस्फारतात. विदर्भाला त्यात नवल नाही, कारण आमचे पानगे पिढ्यान्‌पिढ्या बिनभांड्याचेच आहेत. जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवायची, तेलाचा हात लावून थापायची, पळसाच्या पानांत गुंडाळायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर सोडून द्यायची. खरी कसोटी सोडून देण्यातच आहे. मुलांना सारखं उलटून बघावंसं वाटतं. "काकू, पलटवू का जी?" दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न. थांब. वास येऊ दे. पान आधी हिरवं, मग तपकिरी, मग कडांनी काळं होत जातं. आधी ओल्या पानाचा वास सुटतो, त्यामागून भाजल्या गव्हाचा. हा दुसरा वास ज्या क्षणी पहिल्यावर चढतो तो क्षण कुठल्या पुस्तकात लिहिता येईल? तो शेजारी बसूनच दाखवावा लागतो. माझ्या सासूबाईंनी मला दाखवला होता, एकही शब्द न बोलता, नुसती मान हलवून.

चव हा चाचणीचा एक भाग झाला. वारा कुठून येतो ते बघून चूल मांडली का, पाण्याची बादली हाताशी ठेवली का, कणीक मळण्याआधी हात धुतले का, जळण मोजकं वापरलं का, आणि सगळं झाल्यावर राख विझवून जमीन पूर्ववत केली का, हे सगळं बघायचं. मला या शेवटच्या कलमाचं फार कौतुक. आमच्या घरांत स्वयंपाक करणाऱ्याचं नाव होतं, आवरणाऱ्याचं कुणी घेत नाही. इथे आवरलं नाही तर पदक नाही. आणि हे मुलग्यांनाही लागू आहे बरं का! आठवीतला धिप्पाड मुलगा गुडघ्यांवर बसून राखेवर पाणी शिंपडतोय, हे दृश्य बघायला मी त्यांच्या आयांना बोलवायला हवं होतं.

शिकवणाऱ्यांनाही या वाटेवर शिकावं लागतं. स्काऊटर आणि गाईडर आधी स्वतः प्रशिक्षण घेतात, मुलांसारखे तंबूत राहतात, गाठी मारतात, शेकोटीपुढे गाणी म्हणतात. वरच्या टप्प्याचा 'हिमालय वुड बॅज' मिळाला की गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. १९१९ साली इंग्लंडात गिलवेल पार्कला हे शिक्षण सुरू झालं तेव्हा चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले मणी त्यासाठी वापरले. आपल्याकडची मोठी प्रशिक्षणं पचमढीला होतात. तिथून परतलेले पन्नाशीचे सर मणी दाखवताना शाळकरी पोरासारखे लाजतात.

ही चळवळ मूळची साहेबाची. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर झालं. सुरुवातीच्या स्काऊट वचनात देवाबरोबर राजाचंही नाव होतं. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, देशातल्या निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स' उभी राहिली, पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या, आणि वचनात राजाच्या जागी देश आला. पण हातानं शिकायचं, कामातून शिकायचं, हे वर्ध्याला पचमढीकडून किंवा गिलवेलकडून कळायची गरज नव्हती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाचं शिक्षण हस्तोद्योगाभोवती उभं करावं, असं तिथे ठरलं. हीच नई तालीम. आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. मग सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ आला, तो चालवायला आर्यनायकम आणि आशादेवी आले, टकळीवर सूत कातता कातता मुलं गणित करू लागली. त्या नई तालीममध्ये पदकं नव्हती. सूत समान निघालं की तेच बक्षीस.

राष्ट्रपती स्काऊटच्या प्रमाणपत्रावर राष्ट्रपतींची सही असते. १९६७ ते १९६९ या काळात राष्ट्रपती होते डॉ. झाकिर हुसेन. वर्ध्यात तीस वर्षांपूर्वी ज्यांनी मुलांच्या हाताला शाळेत जागा मागितली, तेच आता देशाच्या सर्वोच्च पदावर होते. मला हा योगायोग सोडवत नाही.

आणि वर्ध्यात बसून पदकांची यादी वाचताना आणखी एका नावाशी मी थबकते: कुष्ठरोग नियंत्रण. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला विनोबांच्या प्रेरणेनं मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची सेवा खुद्द गांधीजी करत. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानही इथलंच. आपल्या जिल्ह्यातल्या मुलानं हे पदक घ्यायचं ठरवलं तर त्याला जाणती माणसं शोधायला दूर जावं लागणार नाही. फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दवाखान्यात चला, एवढं शेजारच्या घरी जाऊन सांगायला चौदा वर्षांच्या मुलाला जे धैर्य लागतं, त्याचं मोल बाहीवरच्या कापडी तुकड्याहून किती तरी जास्त आहे.

तुकडा म्हटलं, कारण तो विकतही मिळतो. गणवेशाच्या दुकानात रंगीत पदकं पाकिटात टांगलेली असतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलाचं नाव पथकात घालणारे पालक मी पाहिलेत. मुलानं काय केलं हे न विचारता सही मागणारेही पाहिलेत. 'खरी कमाई'चंही काही ठिकाणी असंच झालंय. पूर्वी मुलं घरोघर जाऊन अंगण झाडून द्यायची, सायकली पुसायची, दळण आणून द्यायची आणि मिळालेले चार पैसे कार्डावर लिहून आणायची. आता बऱ्याच शाळांत त्या दिवशी खाऊचे ठेले लागतात. भेळ, आप्पे, सांबारवडी. गंमत येते, हिशेबही कळतो, नाही असं नाही. पण सांबारवडी पहाटे उठून आईनं तळलेली असेल तर कमाई कोणाची, हा प्रश्न मी ठेल्यावर उभी राहून तोंड भरलेलं असतानाही विचारते. मुलं खरं सांगतात. आयाच रागावतात.

दोष सरांवर टाकण्यात अर्थ नाही. एकट्या माणसानं वर्ग घ्यायचे, शाळेची इतर कामं उरकायची, आणि वर पोहणं, सुतारकाम, प्रथमोपचार, पक्षी ओळखणं हे सगळं शिकवायचं, हे कसं जमावं? ही व्यवस्था मुळात गावातल्या जाणत्यांच्या भरवशावर रचलेली आहे. गावानं पाठ फिरवली की पदक दुकानात जाऊन बसतं. बोरच्या जंगलाशेजारी राहून पाऊलखुणा वाचता येणारी माणसं आपल्याकडे आहेत, कलम बांधणारे आहेत, मोटार वाइंड करणारे आहेत, सेवाग्रामच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत. त्यांना कुणी बोलावत नाही, आणि आपण होऊन जायचा संकोच वाटतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. तुमच्या हातात एखादं काम असेल, तर जवळच्या शाळेत पथक आहे का याची चौकशी करा आणि स्काऊटच्या सरांना किंवा गाईडच्या बाईंना भेटा. पदवी लागत नाही, भाषण करावं लागत नाही. मात्र दिवाळीची सुट्टी संपली की लगेच जा. एकदा शिबिराची धावपळ सुरू झाली की त्यांना बसून बोलायला वेळ नसतो.