फुफीचा तोळा

दादी गेल्यावर मनीषनगरच्या आमच्या घरी तिच्या सोन्याच्या हिस्स्यांचा हिशेब करायला बसलो. हे घर बांधताना अब्बांनी दादीचा एक हार उधार म्हणून घेतला आणि विकला होता. तेवढं सोनं आता परत हिश्श्यात धरायचं होतं. हार नव्हता, १९५० सालची पावती होती : १० तोळे.

मी प्रोग्रामर. लॅपटॉपवर छोटा प्रोग्राम लिहिला, १० ला १० ने गुणलं, १०० ग्रॅम. फुफी शांतपणे म्हणाली, "बेटा, त्या काळचा तोळा मोठा होता."

खरं होतं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली. पुढे सराफ्यात शब्द तोच राहिला आणि बोलीत तोळा १० ग्रॅमचा झाला. माझ्या हिशेबातून १६.६ ग्रॅम सोनं गायब झालं होतं आणि त्यात फायदा आमचा होता. मला लाज वाटली.

गुणाकार बरोबर होता. चूक अशी की मी वजनाला नुसता आकडा समजलो. ऑफिसात हेच मी नव्या मुलांना शिकवतो : वजन, पैसे, तारीख यांना व्हॅल्यू ऑब्जेक्ट करा. एरिक इव्हान्स यांच्या २००३ सालच्या 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन'मध्ये ही कल्पना नीट मांडलेली आहे.

व्हॅल्यू ऑब्जेक्टला स्वतःची ओळख नसते, फक्त मूल्य असतं. तुमची दहाची नोट आणि माझी दहाची नोट, व्यवहारात एकच. फुफीचं तसं नाही. तिचं वय, पत्ता, नाव बदललं तरी ती फुफीच. तिला प्रोग्रामच्या भाषेत एन्टिटी म्हणतात.

दुसरं, व्हॅल्यू ऑब्जेक्ट बदलत नाही. पावतीवरचं १० खोडून ११६.६ लिहायचं नाही. ग्रॅम हवे तर नवं वजन तयार करायचं. जुनं पावतीसारखं तसंच राहतं.

तिसरं, एककाशिवाय वजन तयारच होऊ द्यायचं नाही. जुना तोळा की नवा, हे सांगितल्याशिवाय प्रोग्राम पुढे जाणार नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ साली असंच गेलं : एका बाजूला पाउंडातला आकडा, दुसऱ्या बाजूनं तो न्यूटनमधला समजला.

त्या रात्री प्रोग्राम पुन्हा लिहिला. सकाळी नवा कागद फुफीपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून ११६.६ वाचलं आणि म्हणाली, "आता चहा ठेव."