ऐकणारे मन : शहाणपणाच्या प्रार्थनेविषयी

शहाणपण देवाकडे मागावे, अशी ख्रिस्ती जीवनातली जुनी रीत आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण शलमोन राजाचे. गिबोन येथे स्वप्नात देवाने ‘काय हवे ते माग’ असे सांगितले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूंचा नाशही मागितला नाही. प्रजेचा न्याय करताना बरे-वाईट ओळखता यावे म्हणून ऐकणारे मन मागितले. याकोबाच्या पत्रात हीच वाट साध्या विश्वासणाऱ्याला मोकळी करून दिली आहे. ज्याला उणीव जाणवते त्याने मागावे. देव दोष न लावता देतो. मात्र शलमोनाच्या आयुष्याचा उत्तरार्धही वाचायला हवा. देवाशी नाते सैल पडले, मन इतर दैवतांकडे वळले आणि एवढ्या शहाण्या राजाचे राज्य त्याच्यामागे दुभंगले. मिळालेले शहाणपण नात्याबाहेर टिकत नाही, हे तिथे उघड दिसते.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच दिशेचा आहे. संस्कृत विद्येत त्यांचा अधिकार मोठा होता आणि ख्रिस्ती धर्मही त्यांनी अभ्यासूनच स्वीकारला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढे १९०७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की तेव्हा त्यांना धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली. एवढ्या विदुषीने हे मोकळेपणाने लिहावे, यातच तिची थोरवी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या स्त्रिया आणि मुली सांभाळत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली देहावसान होईपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते.

नुसते ज्ञान पुरेसे नसते, ही गोष्ट प्रस्तुत लेखिकेला शेताच्या वाटणीत कळली. वडिलांच्या पश्चात विहिरीलगतच्या जमिनीवरून भावाबहिणींत अबोला आला. कायद्यात संदिग्धता नव्हती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र नसलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मागे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुलींना समान मिळते. हक्क स्पष्ट होता, तरी भावाशी बोलावे कसे हे उमगत नव्हते. पहाटे नीतिसूत्रांचा एक अध्याय आणि प्रार्थना हा लेखिकेचा परिपाठ होता. त्या प्रार्थनेत वाटणीचा निर्णय मागितला जाई. उत्तर येत नसे.

याच काळात वाचनक्रमात लूकचा बारावा अध्याय आला. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाविषयी बोलू लागतो. वाटणीसाठी प्रार्थना करणाऱ्याला हा प्रसंग सोपा नाही. देव तंटा सोडवून हातात कागद देत नाही. मागणाऱ्याच्या मनाला हात घालतो. त्यानंतर लेखिकेची प्रार्थना बदलली. निर्णयाऐवजी भावाचे म्हणणे ऐकण्याची ताकद मागितली जाऊ लागली.

मंडळीतल्या एका वडिलांनी व्यवहाराची बाजू दाखवली: भावाला कशाची भीती वाटते, हे आधी विचारावे. ख्रिस्ती परंपरेत एकट्याच्या मनातली खूण पुरेशी मानली जात नाही. ती वचनाशी आणि अनुभवी माणसांच्या सल्ल्याशी ताडून पाहावी लागते. ही शिस्त फार मोलाची आहे. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणून स्वतःचीच इच्छा रेटणे कुणालाही सहज जमते.

भावाला विचारले तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. मोटार आणि पाइपलाइनसाठी त्याने सोसायटीचे कर्ज काढले होते आणि ते त्याच्या एकट्याच्या माथी होते. बहिणींनी हिस्सा परक्याला विकला तर पाणीच तुटेल, ही त्याची दुसरी धास्ती. ती लोभापेक्षा काळजी अधिक होती. लेखिकेनेही आपला हिस्सा सोडला नाही. हक्क सोडून देणे म्हणजेच नम्रता, असा समज मंडळ्यांमध्ये मुलींच्या माथी फार वर्षे मारला गेला आहे आणि त्याला शास्त्राचा आधार नाही.

याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या शहाणपणाची ओळख दिली आहे: ते निर्मळ असते, शांतिप्रिय असते, समजूत ऐकून घेणारे असते. बोलणी होत असताना हीच कसोटी धरली गेली. शेवटी आईचा एक तृतीयांश तिच्या नावे लागला आणि भावंडांचे हिस्से समान झाले. कर्जाचा भार तिन्ही भावंडांनी वाटून घेतला. कुणाला हिस्सा विकायचा झाल्यास आधी घरात विचारायचे ठरले. विहीर सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या लिहून काढल्या आणि वाटणीपत्रावर सगळ्यांनी सह्या केल्या.